पायी चालणारे दल: राज्य राखीव पोलीस बल आणि जंगलातील लहान तुकडीचे युद्धतंत्र

सोलापूर शहराच्या दक्षिणेस, विजापूर रस्त्यावर सोरेगाव येथे मुख्यालय असलेला राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक १० ज्या दलाचा भाग आहे, ते दल जंगलात लढण्यासाठी उभारलेले नव्हते; त्याच्या नक्षलविरोधी कामगिरीचा इतिहास वाचताना ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी लागते. तत्कालीन मुंबई प्रांतात १९४८ साली हे दल उभे राहिले आणि १९५१ च्या अधिनियमाने त्याला स्वतंत्र कायदेशीर चौकट मिळाली. जिल्हा पोलिसांचे बळ अपुरे पडेल तेथे सशस्त्र कुमक पोचवणे, दंगल आटोक्यात आणणे, निवडणुकांचा व यात्रांचा बंदोबस्त करणे आणि नैसर्गिक आपत्तीत मदतीला धावणे ही त्याची नेमून दिलेली कामे होत. रचनाही या कामांना साजेशीच आहे: समादेशकाच्या हुकमतीखाली गट, गटात कंपन्या, साधारण शंभर जवानांच्या कंपनीत प्लाटून आणि प्लाटूनमध्ये हवालदाराच्या हाताखालचे आठ-दहा जणांचे सेक्शन. बंदोबस्ताच्या कामात यांपैकी कंपनी हाच खरा घटक असतो. आषाढीला पंढरपुरात लाखोंचा समुदाय लोटतो तेव्हा किंवा एखाद्या शहरात तणाव निर्माण होतो तेव्हा कंपनी एकसंध उभी राहते, तिची संख्या व शिस्त लोकांच्या नजरेत भरते आणि पुष्कळदा तेवढ्यानेच निम्मे काम होते. जंगलात याच्या नेमके उलट घडते. तेथे जे दिसते ते टिपले जाते, संख्या जितकी मोठी तितका तिचा माग काढणे सोपे, आणि कंपनीचा अधिकारी कितीही कर्तबगार असला तरी पन्नास पावलांपलीकडच्या आपल्याच माणसाला तो पाहू शकत नाही. कंपनीने लढणारे दल सेक्शनने लढायला कसे शिकले, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

सोलापूरच्या संदर्भात हा बदल अधिकच ठळकपणे जाणवतो. हा जिल्हा अवर्षणप्रवण, काळ्या जमिनीचा आणि उघड्या माळांचा. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात उभे राहिले तर चालत येणारा माणूस बऱ्याच अंतरावरून दिसतो. ज्या गडचिरोलीत दलाच्या कंपन्या आळीपाळीने नेमल्या जातात, तो जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला, चंद्रपूरचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आलेला, १४,४१२ चौरस किलोमीटर विस्ताराचा असून त्याचा बहुतांश भाग साग, बांबू, मोह, तेंदू यांच्या वनाने व्यापलेला आहे. पावसाळ्यानंतर गवत व झुडपे वाढली की दृष्टीचा पल्ला काही पावलांवर येतो. चैत्रात पानगळ झाली की पल्ला वाढतो, पण वाळलेल्या पाचोळ्यावर पडणारे प्रत्येक पाऊल दूरवर ऐकू जाते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड दर पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने बाहेरच्या जगापासून तुटते. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा ही या प्रदेशात तीन वेगवेगळी रणक्षेत्रे आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एका ऋतूत शिकलेले दुसऱ्या ऋतूत जसेच्या तसे चालत नाही.

जंगलातील लहान तुकडीच्या युद्धतंत्राचा भारतातील शास्त्रशुद्ध अभ्यास मात्र याच्या बराच आधी, आणि महाराष्ट्राच्या उंबरठ्यावरच सुरू झाला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपानी सैन्याने दिलेल्या पराभवांची कारणे शोधताना भारतीय सैन्याच्या असे लक्षात आले की, रस्त्याला आणि वाहनांना बांधलेली पलटण जंगलात शत्रूच्या हाती आयतीच सापडते. १९४३ मध्ये नागपूरच्या उत्तरेस छिंदवाडा येथे चौदाव्या डिव्हिजनला जंगलयुद्धाच्या प्रशिक्षणाचे काम देण्यात आले. तसेच दुसरे केंद्र सहारनपूरला होते. नव्या शिपायाला आघाडीवर पाठवण्यापूर्वी येथे रात्री चालणे, आवाज न करता मुक्काम टाकणे, वेढले गेल्यास मागे न पळता जागच्या जागी वर्तुळाकार संरक्षण उभे करणे, हे शिकवले जाई. १९४४ च्या मार्चमध्ये मणिपुरातील सांगशाक येथे वेढा पडलेल्या फौजेत मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती आणि त्या लढाईने इंफाळ-कोहिमाच्या बचावाला मोलाचे दिवस मिळवून दिले, ही गोष्ट मराठी वाचकाने अवश्य लक्षात ठेवावी. युद्धानंतर मलायातील बंडाच्या काळात ब्रिटिशांनी हेच धडे पुढे नेले. भारतात मिझो टेकड्यांतील बंडाळीच्या अनुभवातून मिझोरममधील वैरेंगटे येथे १९७० मध्ये सैन्याची बंडखोरीविरोधी व जंगलयुद्ध शाळा स्थिरावली, आणि गनिमाशी गनिमासारखेच लढावे हे तिचे ब्रीद ठरले. त्या शाळेचे माजी प्रमुख ब्रिगेडियर बी. के. पोनवार यांनी पुढे छत्तीसगडमध्ये कांकेर येथे पोलिसांसाठी तशीच शाळा उभारली. महाराष्ट्र पोलिसांचे नागपूरजवळ सुराबर्डी येथील अपारंपरिक अभियान प्रशिक्षण केंद्र याच परंपरेतले होय. छिंदवाड्यापासून सुराबर्डीपर्यंतचे अंतर नकाशावर फार नाही, परंतु सैन्याची ती विद्या पोलीस शिपायापर्यंत पोचण्यास जवळजवळ दोन पिढ्या लागल्या.

मधल्या काळात प्रतिपक्ष, म्हणजे नक्षलवादी, जंगलात पुरता स्थिरावला होता. आंध्र प्रदेशात १९८० मध्ये कोंडापल्ली सीतारामय्या यांच्या नेतृत्वाखाली पीपल्स वॉर गट स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्याची छोटी पथके गोदावरी व प्राणहिता ओलांडून सिरोंचाच्या बाजूने आजच्या गडचिरोली जिल्ह्यात शिरली. ‘दलम’ या नावाने ओळखले जाणारे हे पथक मोजक्याच माणसांचे असे. गावात जेवण मिळवून, माडिया-गोंड लोकांच्या वनखात्याविषयीच्या व तेंदूपानांच्या मजुरीविषयीच्या खऱ्या तक्रारी हाती घेऊन त्याने आपले पाय रोवले. त्या तक्रारी खऱ्या होत्या, हे नोंदवल्याशिवाय या लढ्याचा कोणताही इतिहास प्रामाणिक ठरणार नाही. पुढे २००० च्या डिसेंबरात या गटाने आपली गनिमी सेना औपचारिकरीत्या उभी केली आणि २००४ मध्ये इतर गटांशी विलीनीकरण होऊन भारताचा कम्युनिस्ट पक्ष (माओवादी) अस्तित्वात आला. तोवर दलमच्या जोडीला प्लाटून व कंपन्या आल्या होत्या, आणि पेरलेला भूसुरुंग व त्यापाठोपाठ दबा धरून केलेला गोळीबार हे त्यांचे मुख्य हत्यार झाले होते.

शासनाचे पहिले परिणामकारक उत्तर लहान तुकडीच्याच रूपात आले. आंध्र प्रदेशात १९८९ मध्ये के. एस. व्यास यांनी ग्रेहाउंड्स हे दल उभारले. पाठोपाठ १९९० मध्ये गडचिरोलीचे तत्कालीन पोलीस अधीक्षक के. पी. रघुवंशी यांनी स्थानिक तरुणांमधून साठ जणांचे कमांडो पथक तयार केले, तेच आज सी-६० या नावाने सर्वांना माहीत आहे. त्याचे मर्म असे की, त्याचा जवान त्याच मातीतला असल्याने माडिया किंवा गोंडी बोलतो, मोहाच्या झाडाखालची पावले कोणत्या वेळची आहेत हे ओळखतो आणि नाल्यात पाणी कोठे मिळेल हे त्याला विचारावे लागत नाही. बाहेरून आलेल्या राखीव बलाच्या जवानाकडे ही शिदोरी नव्हती. म्हणून कामाची विभागणी स्वाभाविकपणेच अशी झाली की, शोध घेऊन प्रहार करणे सी-६० कडे, आणि जमीन धरून ठेवणे हे प्रामुख्याने राखीव बल व केंद्रीय दलांकडे. पोलीस मदत केंद्रांचे म्हणजे दुर्गम भागातील सशस्त्र ठाण्यांचे संरक्षण, मतदान पथकांना सोबत, रस्ता व पूल बांधणाऱ्या मजुरांना कवच, आणि अभियानाच्या वेळी बाहेरचा वेढा अशी ही कामे. वृत्तपत्रांत ती क्वचितच येतात. मात्र त्यांच्याशिवाय सी-६० चे एकही अभियान निघू शकले नसते, आणि या स्मरणिकेत त्यांची दखल विस्ताराने घेणे हे कर्तव्यच आहे.

यातले सर्वांत कष्टाचे काम रस्ता उघडण्याचे. ज्या रस्त्याने शिधा, पगार, आजारी जवान किंवा अधिकारी जायचे असतात, तो वाहतुकीपूर्वी पायी तपासून सुरक्षित करणाऱ्या तुकडीला जवानांच्या बोलीत ‘आरओपी’, अर्थात रोड ओपनिंग पार्टी म्हणतात. ही तुकडी रस्त्यावरून चालत नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, जंगलाच्या आत काही अंतर राखून दोन फळ्या पुढे सरकतात, कारण भूसुरुंगाची तार जेथून ओढली जाते किंवा जेथे दबा धरणारा बसलेला असतो ती जागा रस्त्यापासून दूर असते. तीच आधी पायाखाली यावी लागते. मधले दोघे-तिघे सुरुंगशोधक यंत्र घेऊन मोऱ्या, पूल, वळणे आणि नव्याने उकरलेली माती पाहतात. डांबरी रस्त्यापेक्षा कच्च्या रस्त्याची भीती अधिक, कारण त्यात पुरलेले दिसत नाही. आणि डांबरी रस्त्याला माओवाद्यांचा जो कडवा विरोध असे, त्याचे एक कारण हेही होते. रस्ता तपासून झाला तरी काम संपत नाही. वाहने जाऊन परत येईपर्यंत जोड्याजोड्यांनी रस्त्याकडेला बसून राहावे लागते, मे महिन्याच्या उन्हात आणि जुलैच्या पावसातही. दररोज त्याच वेळी, त्याच जागी बसले तर शत्रू त्या जागेचीच तयारी करतो. म्हणून वेळ, दिशा आणि थांब्याच्या जागा सतत बदलाव्या लागतात. शिस्त म्हणजे ठरलेले तसेच करणे, हे कवायत मैदानावर अंगी बाणलेले. येथे मात्र दररोज वेगळे करणे हीच शिस्त ठरली. या एका गोष्टीसाठी मनाची जी घडी बदलावी लागते, ती बदलायला बंदुकीचा सराव करण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

गस्तीवर निघालेल्या सेक्शनची रचना पाहिली म्हणजे जबाबदारी कशी खाली उतरली हे उमगते. सर्वांत पुढे दोन स्काऊट, म्हणजे वाट शोधणारे व धोका आधी पाहणारे जवान. एक जमिनीकडे पाहतो, दुसरा समोर व झाडांवर. त्यांच्यामागे काही अंतरावर सेक्शनचा हवालदार, मग हलकी मशीनगन घेतलेला जवान व त्याचा साथीदार, मग रायफलधारी, आणि शेवटी मागे वळून पाहत चालणारी जोडी. प्रत्येक जवानाला एक ‘बडी’ असतो. एक हलला तर दुसरा बंदूक रोखून थांबतो, एक पाणी भरतो तेव्हा दुसरा पाहतो. दोन जवानांतले अंतर इतके हवे की, एका स्फोटात दोघे सापडू नयेत, आणि इतकेच हवे की, हाताची खूण एकाकडून दुसऱ्याकडे पोचावी. बोलणे वर्ज्य असते. मूठ वर केली की थांबणे, पंजा जमिनीकडे दाबला की खाली बसणे अशा खुणांवर सारा व्यवहार चालतो. थोडे चालून झाले की तुकडी थांबते आणि काही मिनिटे केवळ ऐकते. पाखरे अचानक उडाली, माकडांनी ओरड केली, गुरे एका बाजूने बिथरून आली, तर त्याचा अर्थ लावणे हे स्काऊटचे काम. संध्याकाळी जेथे जेवण केले तेथे झोपायचे नाही, अंधार पडल्यावर पुढे सरकून मुक्काम बदलायचा, आणि उजाडण्याच्या थोडे आधी सर्वांनी शस्त्र हातात घेऊन चारही दिशांना तोंड करून सज्ज बसायचे, कारण हल्ल्याला पहाट आणि तिन्हीसांजा या वेळा सोयीच्या असतात.

गोळीबार सुरू झाल्यावरच्या पहिल्या काही क्षणांतली कृती सेक्शनने आधीच ठरवून, पुनःपुन्हा घटवून ठेवलेली असते. दबा धरणाऱ्याने निवडलेल्या जागेत पडून राहणे म्हणजे त्याच्या योजनेप्रमाणे वागणे. म्हणून जवळच्या दब्यात सापडलेल्यांनी गोळीबार करत थेट शत्रूच्या अंगावर जायचे किंवा त्या पट्ट्याबाहेर पडायचे, आणि जे बाहेर आहेत त्यांनी बाजूने वळसा घालायचा. हा निर्णय देण्यास समादेशक नसतो, कंपनी कमांडरही नसतो. तो हवालदार देतो, आणि हवालदार पडला तर त्याच्यानंतरचा जवान. राखीव बलाच्या इतिहासातला खरा पालट येथे आहे. लाठीमाराचा किंवा गोळीबाराचा हुकूम वरून येण्याची वाट पाहायला शिकवलेल्या दलाला, हुकूम स्वतः द्यायला शिकावे लागले.

हे शिक्षण स्वस्तात झाले नाही. २००९ हे वर्ष गडचिरोली पोलिसांच्या स्मृतीत सर्वांत काळे. १ फेब्रुवारीला मरकेगाव येथे १५, २१ मे रोजी धानोरा तालुक्यात हत्तीगोटा येथे १६ आणि ८ ऑक्टोबरला भामरागड तालुक्यात लाहेरी येथे १७ पोलिसांना वीरमरण आले. तीन घटनांत ४८. यानंतर सहा महिन्यांच्या आतच, ६ एप्रिल २०१० रोजी, छत्तीसगडच्या ताडमेटला येथे ७६ जवान मारले गेले. प्रतिपक्ष आता दलमने नव्हे तर शेकड्यांनी एकत्र येऊन वेढा घालतो, हे या घटनांनी दाखवून दिले. यावर तुकडी मोठी करावी असा सोपा उपाय सुचणे साहजिक होते. प्रत्यक्षात जो उपाय टिकला तो वेगळा: लहान तुकड्या लहानच ठेवायच्या, मात्र एकमेकींच्या मदतीला पोचता येईल अशा अंतरावरून, वेगवेगळ्या वाटांनी, बिनतारी संपर्क राखून चालवायच्या. एक सापडली तर दुसरी वेढा घालणाऱ्यालाच वेढते. पुढे हेलिकॉप्टरची जोड मिळाल्याने जखमीला काही तासांत रुग्णालयात पोचवता येऊ लागले, आणि त्याचा मनोबलावरचा परिणाम शस्त्रांच्या सुधारणेपेक्षा तसूभरही कमी नव्हता.

वाहनाचा धडा मात्र पुनःपुन्हा शिकावा लागला. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोलाजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या बसखाली स्फोट होऊन १२ जवान गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनी, दादापूर येथे रात्री रस्त्याच्या कामावरची वाहने जाळण्यात आल्यानंतर तिकडे खासगी गाडीने निघालेल्या शीघ्र कृती पथकावर कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडा येथे सुरुंगस्फोट झाला आणि १५ पोलीस व एक चालक मृत्युमुखी पडले. जाळलेली वाहने हे आमिष होते. आपण जंगलात घाईने पोचावे हाच अनेकदा शत्रूचा हेतू असतो, आणि पायी उशिरा पोचलेली तुकडी गाडीने लवकर निघालेल्या तुकडीपेक्षा अधिक उपयोगी ठरते, हे तत्त्व सोरेगावच्या कवायत मैदानावर नव्या भरतीला सांगताना जांभुळखेड्याचे नाव घेतल्यावाचून पुढे जाता येणार नाही. त्याच काळात नेमकी माहिती, दीर्घ पायपीट आणि एकमेकांना पूरक तुकड्या या सूत्राने मोठे यशही आले: एप्रिल २०१८ मध्ये इंद्रावतीकाठी कसनासूर-बोरिया येथे सुमारे ४० माओवादी, आणि १३ नोव्हेंबर २०२१ रोजी मर्दिनटोला येथे नेते मिलिंद तेलतुंबडे यांच्यासह पंचवीसहून अधिक माओवादी सी-६० च्या कारवाईत ठार झाले.

सैन्य आणि पोलीस यांच्यातला मूलभूत भेद या संदर्भात नजरेआड होता कामा नये. राखीव बलाचा जवान परक्या देशाच्या शत्रूशी लढत नाही. समोरचा माणूस भारताचा नागरिक असतो आणि प्रत्येक गोळीचा हिशेब कायद्यापुढे द्यावा लागतो. चकमकीनंतर गुन्हा नोंदवला जातो, पंचनामा होतो, दंडाधिकारी चौकशी होते. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी घालून दिलेल्या निर्देशांनुसार तपास स्वतंत्र यंत्रणेकडून व्हावा लागतो. म्हणजे ज्या हवालदाराने क्षणात निर्णय घ्यायचा, त्यानेच गोळीबार थांबल्यावर जागा जशीच्या तशी राखायची, शस्त्रे व काडतुसांची नोंद ठेवायची, आणि जखमी माओवाद्यालाही स्वतःच्या जवानाइतक्याच तातडीने उपचार मिळतील असे पाहायचे. हे ओझे आहे, यात शंका नाही. परंतु आदिवासी गावात पोलिसांवरचा विश्वास टिकतो तो याच ओझ्यामुळे, आणि ज्या गावाचा विश्वास नाही त्या गावाच्या परिसरात कोणतीही लहान तुकडी फार काळ सुरक्षित राहू शकत नाही. तेंदूच्या हंगामात पानांचे ओझे घेऊन येणाऱ्या बाईची झडती कशी घ्यावी, कोणाच्या विहिरीचे पाणी विचारल्याशिवाय भरू नये, गोटुलमध्ये, म्हणजे गावाच्या सामूहिक घरात, बूट घालून शिरू नये, या साऱ्या बाबी युद्धतंत्राच्या प्रकरणातच गणल्या पाहिजेत.

राखीव बलाच्या व्यवस्थेतील एक उणीव येथे स्पष्टपणे मांडणे आवश्यक आहे. कंपन्यांची नेमणूक आळीपाळीने होते, आणि हे न्याय्यही आहे, कारण हिवताप, एकाकीपणा आणि सततचा ताण यांत कोणालाही अमर्याद ठेवता येत नाही. परंतु एखाद्या ठाण्याभोवतीचे नाले, पायवाटा, आठवडी बाजाराचे दिवस आणि माणसे कंपनीला पाठ होतात न होतात तोच ती परत फिरते, व तिच्या जागी आलेल्या कंपनीला ते सारे पहिल्यापासून शिकावे लागते. नकाशा हस्तांतरित करता येतो, सवय नाही. म्हणून जाणाऱ्या व येणाऱ्या सेक्शनने काही दिवस एकत्र गस्त घालावी, आणि एकदा जंगलात काम केलेल्या हवालदारांना गटाच्या मुख्यालयात प्रशिक्षक म्हणून मानाचे स्थान मिळावे, ही अपेक्षा वाजवी आहे. देसाईगंज येथील गट १३ सारखे गट त्याच भागात उभे राहिल्याने ही अडचण काही अंशी दूर झाली. सोलापूरसारख्या दूरच्या गटांपुढे ती अजून आहे.

अलीकडच्या वर्षांत चित्र झपाट्याने बदलले. छत्तीसगडच्या सीमेलगत जेथे पूर्वी गस्तही क्वचित पोचे, तेथे २०२३ मध्ये वांगेतुरी, त्यानंतर गर्देवाडा, पेनगुंडा, नेलगुंडा आणि २०२५ मध्ये कवंडे अशी पोलीस मदत केंद्रे उभारण्यात आली. शेकडो जवानांचा बाहेरचा वेढा घालून एकेक केंद्र एका दिवसात उभे करण्याची ही पद्धत, जमीन धरून ठेवण्याच्या त्या जुन्या कामाचेच पुढचे पाऊल होय. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांच्या पॉलिट ब्युरोचा सदस्य मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सशस्त्र दलमची संख्या आता नगण्य झाली असली तरी गेल्या चार दशकांत पुरलेले भूसुरुंग जमिनीतच आहेत, त्यांतील पुष्कळांचा ठावठिकाणा पेरणाऱ्यांनाही आठवत नसेल. त्यामुळे रस्ता उघडणाऱ्या तुकड्यांचे काम चालूच असून, दोन्ही बाजूंच्या फळ्या अजूनही जंगलाच्या आतूनच चालतात.